रँपार्टचे ठाणे आणि माफीचा करार

लॉस एंजेलिस शहराच्या मध्यवस्तीपासून थोडे पश्चिमेस, टेंपल स्ट्रीट नावाच्या लांबच लांब रस्त्यावर, गेल्या शतकाच्या साठीच्या दशकात रँपार्ट विभागाचे जे पोलीस ठाणे बांधले गेले, त्याचे दर्शनी रूप त्या शहरात कधी पाऊलही न टाकलेल्या असंख्य अमेरिकन कुटुंबांना परिचयाचे झाले होते. कारण १९६८ पासून १९७५ पर्यंत एनबीसी वाहिनीवर चाललेल्या ‘अ‍ॅडम-ट्वेल्व्ह’ या मालिकेतील दोन सच्छील गस्ती शिपाई आठवड्यामागून आठवडे ज्या ठाण्यातून आपली गाडी बाहेर काढीत, ते ठाणे म्हणून कॅमेऱ्याने दाखविलेली वास्तू हीच होती. पुढे याच वास्तूचे नाव एका घोर पोलिसी दुराचाराशी कायमचे जोडले गेले, आणि त्याच्याही पुढे, त्या दुराचारावरून स्फुरलेल्या एका मालिकेस ‘रँपार्ट’ हेच नाव द्यावयाचे घाटत असता ते बाजूस पडून ती ‘द शील्ड’ या नावाने लोकांसमोर आली. एकाच ठाण्याच्या वाट्यास आलेल्या या तीन जन्मांची संगती लावू गेले असता असे दिसते की, ज्या एका नैतिक तडजोडीतून ‘द शील्ड’मधील सारी शोककथा उद्भवते, ती तडजोड त्या मालिकेच्या लेखकाने आपल्या कल्पनेने निर्माण केलेली नव्हती. पोलीस खाते आणि पोलिसांच्या गोष्टी रचून पोट भरणारे लोक यांच्यात पन्नास वर्षांपूर्वी जो एक अलिखित करार झाला होता, त्याचेच ते उशिरा पिकलेले फळ होते.

त्या कराराची हकीकत अशी. १९३८ साली महापौर फ्रँक शॉ यांस मतदारांनी भ्रष्टाचारापायी मुदतीपूर्वीच पदावरून खाली खेचले, आणि १९४९ साली वेश्याव्यवसायास पोलिसांकडून मिळणाऱ्या संरक्षणाचे प्रकरण चव्हाट्यावर येऊन पोलीस प्रमुख हॉरल यांसही खुर्ची सोडावी लागली. अशा रीतीने ज्या खात्याची अब्रू पार धुळीस मिळाली होती, त्याची सूत्रे १९५० साली विल्यम पार्कर या करड्या, शिस्तप्रिय आणि काहीशा अहंमन्य गृहस्थाच्या हाती आली व ती १९६६ साली, त्याच्या मृत्यूपर्यंत, त्याच्याच हाती राहिली. पार्करने खात्यातील हप्तेबाजीस आळा घातला, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु खाते सुधारण्याइतकेच ते सुधारले आहे असे लोकांस वाटणेही अगत्याचे असते, हे त्याने फार लवकर ओळखले होते. याच सुमारास जॅक वेब नावाचा एक नभोवाणी-नट, १९४९ च्या जूनपासून, ‘ड्रॅग्नेट’ या नावाची एक श्रुतिका-मालिका चालवीत होता. तिच्यात सार्जंट फ्रायडे या कोरड्या आवाजाच्या तपासनिसाची भूमिका तो स्वतःच करी. वेबला खऱ्या खटल्यांची कागदपत्रे हवी होती, आणि पार्करला हवी होती प्रतिष्ठा. खात्याने आपली दप्तरे वेबसाठी खुली केली, बिल्ले, मोटारी आणि जाणकार अंमलदार त्याच्या दिमतीस दिले. आणि त्याच्या मोबदल्यात वेबच्या संहिता खात्याच्या नजरेखालून जाऊ लागल्या. कोणी कोणास लाच दिली असे येथे म्हणता येणार नाही, सक्ती तर नव्हतीच. दोघांनाही हा व्यवहार मनापासून सचोटीचा वाटत होता, आणि तो इतकी वर्षे टिकला याचे मर्म बहुधा यातच असावे.

‘ड्रॅग्नेट’ दूरचित्रवाणीवर प्रथम आली ती १६ डिसेंबर १९५१ रोजी. त्यानंतर बरोबर नऊ दिवसांनी, नाताळच्या पहाटे, लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती कोठडीत सात तरुण कैद्यांस, ज्यांपैकी पाच मेक्सिकन वंशाचे होते, मद्यधुंद पोलिसांच्या एका मोठ्या जमावाने आळीपाळीने इतके झोडपले की त्यांतील काहींच्या अंतर्गत अवयवांना इजा झाली. खात्याने प्रथम हे प्रकरण दडपण्याचा यत्न केला. मागाहून वर्तमानपत्रांचा आणि मेक्सिकन समाजाचा रेटा वाढला, तेव्हा चौकशी बसली, आठ पोलिसांवर आरोप ठेवले गेले आणि अनेकांच्या बदल्या झाल्या. खऱ्या खटल्यांवर आधारलेली म्हणून जिची ख्याती होती त्या मालिकेत या खटल्यास स्थान मिळाले नाही, हे सांगण्याची आवश्यकता नसावी. तथापि वेबला ढोंगी ठरवून मोकळे होणे मला न्याय्य वाटत नाही. त्याच्या मालिकेतील बारकावे अस्सल होते. टेलिफोनवर घालवलेले कंटाळवाणे तास, साक्षीदारांची असंबद्ध बडबड, टंकलेखित अहवालांचे गठ्ठे, हे सर्व पोलिसी कामाचे जे गद्य त्याने दाखविले ते त्यापूर्वी कोणी दाखविले नव्हते. तो जे दाखवी ते खरे असे. काय दाखवावयाचे नाही, एवढ्यापुरताच तो करार होता.

या धंद्याच्या बाह्य आकारानेही त्या कराराची उत्तम जोपासना केली, आणि ही गोष्ट माझ्या मते पुरेशी लक्षात घेतली जात नाही. ‘ड्रॅग्नेट’चा प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा, गुन्हा घडे, छडा लागे, आणि शेवटी कोणत्या न्यायालयात खटला चालला व आरोपीस काय शिक्षा झाली हे एक निवेदक गंभीर स्वरात वाचून दाखवी. पुढच्या आठवड्यास पाटी कोरी. सार्जंट फ्रायडेने गेल्या आठवड्यात कोणाशी कसे वर्तन केले, याचे कोणतेही ओझे त्याच्या खांद्यावर नसे, कारण मालिकेला स्मरणशक्तीच दिलेली नव्हती. प्रत्येक गुरुवारी नव्याने जन्म घेणाऱ्या पोलिसास शील असण्याची गरज नसते, त्यास केवळ कर्तबगारी पुरते. पुढे १९८१ च्या जानेवारीत ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ ही मालिका आली आणि तिने अनेक कथासूत्रे एका भागातून दुसऱ्या भागात वाहती ठेवण्याची पद्धत पोलीसकथेत रूढ केली, तेव्हा या जगास प्रथमच भूतकाळ प्राप्त झाला. आणि भूतकाळ आला की त्याच्या पाठोपाठ परिणामही येतात. पुढील वर्षाच्या डिसेंबरात जॅक वेब वारला, तेव्हा लॉस एंजेलिस पोलिसांनी आपले ध्वज अर्ध्यावर उतरविले आणि सार्जंट फ्रायडेचा ७१४ क्रमांकाचा बिल्ला सेवेतून कायमचा निवृत्त केला. एका काल्पनिक पोलिसाच्या बिल्ल्यास खऱ्या खात्याने असा मान द्यावा, यावरून त्या जुन्या कराराची घनिष्ठता कळून येते.

मधल्या काळात शहरात काय घडत होते ते सर्वश्रुत आहे. १९६५ च्या ऑगस्टात वॉट्स भागात दंगल उसळून ३४ माणसे मेली. १९९१ च्या मार्चमध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय वाहनचालकास पोलिसांनी केलेली मारहाण एका रहिवाशाने आपल्या कॅमेऱ्यात टिपली. आणि त्या पोलिसांस १९९२ च्या एप्रिलात ज्यूरीने निर्दोष सोडले, त्याच संध्याकाळी शहर पुन्हा पेटून पन्नासाहून अधिक लोक प्राणास मुकले.

या साऱ्या काळात रँपार्ट विभागाची वस्ती बदलून गेली होती. एल साल्वादोर, ग्वातेमाला आदी देशांतील यादवीपासून पळालेली माणसे मॅकआर्थर पार्कच्या भोवतालच्या दाट चाळवजा इमारतींतून येऊन राहिली. त्यांच्या मुलांच्या टोळ्या झाल्या, टोळ्यांनी अमली पदार्थांचे कोपरे वाटून घेतले, आणि खुनांची संख्या भयावह वाढली. या टोळ्यांच्या बंदोबस्तासाठी खात्याने ‘क्रॅश’ या संक्षिप्त नावाचे एक खास पथक योजले होते. त्याची रँपार्टमधील शाखा आपल्याच मस्तीत राहणारी, वरिष्ठांच्या नेहमीच्या देखरेखीपासून बरीचशी सुटलेली अशी होती. तिचे एक खाजगी बोधचिन्ह होते: काउबॉयची टोपी घातलेली एक कवटी, आणि तिच्यामागे अमेरिकन जुगाऱ्यांत मृत माणसाचा हात म्हणून प्रसिद्ध असलेले एक्के आणि अठ्ठे. गोळीबारात कोणास टिपले म्हणजे त्या जवानाला सहकाऱ्यांकडून स्मृतिफलक मिळे. हे असले चिन्ह सरकारी नोकर अंगावर मिरवतात, हे वरच्या हुद्द्यांवरील लोकांस दिसत नव्हते असे नाही. परंतु टोळ्यांस दहशत बसत होती, गुन्ह्यांचे आकडे उतरत होते, आणि ज्या कामाचे फळ हवे असते त्या कामाची रीत तपासण्याची उत्सुकता कोणत्याही दरबारात फारशी नसते.

मग १९९८ च्या ऑगस्टात रफाएल पेरेझ या ‘क्रॅश’मधील पोलिसास, मुद्देमालाच्या कोठारातून सुमारे पावणेतीन किलो कोकेन लांबविल्याच्या आरोपावरून अटक झाली. पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत होईना; तेव्हा १९९९ च्या सप्टेंबरात पेरेझने सरकारशी सौदा केला की, कोकेनच्या चोरीबद्दल पाच वर्षांची कैद पत्करावी आणि आपल्या पथकाची इतर कृत्ये माफीच्या हमीवर उघड करावी. त्याची शपथेवरील जबानी चार हजारांहून अधिक पानांची भरली. तिच्यातील सर्वांत भीषण प्रकरण १९९६ च्या ऑक्टोबरातील होते: पेरेझने व त्याच्या जोडीदाराने एका एकोणीस वर्षांच्या निःशस्त्र तरुणास गोळ्या घालून जन्माचे पांगळे केले, त्याच्या शेजारी बंदूक ठेवली, आणि त्यानेच आपल्यावर हल्ला केला अशी साक्ष देऊन त्यास २३ वर्षांची शिक्षा ठोठावली जाऊ दिली. पेरेझने सुमारे सत्तर पोलिसांची नावे घेतली. शंभरावर शिक्षा रद्द कराव्या लागल्या. २००० साली ‘क्रॅश’ पथके मोडण्यात आली, आणि २००१ पासून सबंध खाते केंद्रीय न्यायालयाच्या देखरेखीखाली गेले. परंतु ज्यांची नावे घेतली गेली त्यांपैकी फारच थोड्यांस शिक्षा भोगावी लागली. तीन पोलिसांस २००० च्या नोव्हेंबरात ज्यूरीने दोषी ठरविले, तर पुढच्याच महिन्यात न्यायाधीशांनी तो निर्णय फिरविला. ज्याने सर्वाधिक कबूल केले तो माफीचा साक्षीदार असल्यामुळे त्यास सर्वाधिक सवलत मिळाली, आणि त्याच्या शब्दावर इतरांस शिक्षा देणे कठीण झाले, कारण असल्या माणसाच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार?

हा सर्व इतिहास ताजा असतानाच शॉन रायन या तरुण लेखकाने ‘द शील्ड’चा पहिला भाग लिहिला. सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलिसांवरील ‘नॅश ब्रिजेस’ या हलक्याफुलक्या मालिकेसाठी काम करीत असताना तो त्या शहराच्या पोलिसांबरोबर गस्तीवर हिंडला होता, आणि तेथे पाहिलेल्या पुष्कळ गोष्टींस त्या मालिकेत जागा नव्हती. एफएक्स नावाच्या, त्या काळी फारशी दखल न घेतल्या जाणाऱ्या केबल वाहिनीवर १२ मार्च २००२ रोजी ही मालिका सुरू झाली. न्यूयॉर्कचे मनोरे कोसळून सहाच महिने झाले होते, आणि आपल्या रक्षणासाठी कोणीतरी कठोर माणूस काय करतो याची फार चिकित्सा करू नये, अशी त्या देशाची मनःस्थिती होती. मालिकेचा नायक व्हिक मॅकी याचे काम मायकेल चिक्लिसने केले. यापूर्वी ‘द कमिश’मध्ये एका गोबऱ्या, प्रेमळ पोलीस प्रमुखाच्या रूपात लोकांनी त्यास पाहिले होते, आता मुंडण केलेले डोके आणि दणकट मान घेऊन तो आला तो जणू त्या जुन्या भूमिकेचा भाऊबंद होऊन. त्याच वर्षी त्यास सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा एमी पुरस्कार मिळाला. पहिल्या भागाचे दिग्दर्शन केलेला क्लार्क जॉन्सन त्याच वर्षी ‘द वायर’ या बाल्टिमोरच्या महाकाव्याचाही पहिला भाग दिग्दर्शित करीत होता, ही गोष्ट या धंद्याच्या इतिहासकारांनी नमूद करण्यासारखी आहे.

आता त्या पहिल्या भागाकडे थोडे बारकाईने पाहू. फार्मिंग्टन या कल्पित विभागाचे ठाणे एका जुन्या चर्चमध्ये थाटलेले आहे. नवा कॅप्टन डेव्हिड असेवेदा याला राजकारणात जावयाचे आहे, आणि व्हिकच्या ‘स्ट्राइक टीम’ नामक पथकाचा भ्रष्टाचार उघडकीस आणून कीर्ती मिळवावी हा त्याचा बेत आहे. यासाठी तो टेरी क्राउली या तपासनिसास त्या पथकात पेरतो. टेरीसही या कामाच्या मोबदल्यात केंद्रीय सेवेतील चांगली जागा हवी आहे. असेवेदा एकदा क्लॉडेट विम्स या ज्येष्ठ तपासनीस बाईंजवळ व्हिकविषयी चिडून बोलतो, व्हिक म्हणजे बिल्ला लावलेला गुंड आहे अशा आशयाचे काहीसे. त्यावर त्या शांतपणे सांगतात की, सामान्य माणसास रात्री आपल्या मोटारीपर्यंत सुखरूप जाता यावे एवढेच हवे असते, आणि त्यासाठी एखाद्या पोलिसाने कोणा बदमाशास चोपले तर तो फार विचारपूस करीत नाही. या क्लॉडेटबाईच पुढे मालिकेची सदसद्विवेकबुद्धी ठरतात. त्यांच्याच तोंडी तो जुना करार इतक्या स्वच्छ शब्दांत घालावा, यात मला लेखकाचे मोठे चातुर्य दिसते.

याच भागात एक लहान मुलगी बेपत्ता आहे. तिचा ठावठिकाणा ज्यास ठाऊक आहे तो माणूस कोठडीत बसून काही केल्या तोंड उघडीत नाही. सरळमार्गी तपासनीस थकतात. आणि वेळ हातातून निसटत चालली असता, ज्या असेवेदाला व्हिकचा नाश करावयाचा आहे तोच असेवेदा व्हिकला बोलावून घेतो. व्हिक कागदाची एक साधी पिशवी घेऊन आत जातो, आणि तीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडतो: सिगारेट पेटविण्याचा लायटर, दारूची बाटली, खोकी कापण्याचा चाकू, जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी. पुढे काय होते ते असेवेदा बाहेरून पडद्यावर पाहत उभा राहतो. मुलगी सापडते, जिवंत सापडते. आणि प्रेक्षकांपैकी एकालाही, मी धरून, त्या क्षणी व्हिकचा राग येत नाही. मग त्याच रात्री, एका अमली पदार्थ विकणाऱ्याच्या घरावर धाड घालताना, तो गुन्हेगार मारला गेल्यावर व्हिक त्याचीच बंदूक उचलतो आणि शेजारी उभ्या असलेल्या टेरी क्राउलीच्या डोळ्याखाली गोळी घालतो. टेरी हेर आहे ही बातमी त्यास खात्यातील एका वरिष्ठ मित्राकडून आधीच मिळालेली असते.

बहुतेक टीकाकार या खुनास सर्व शोकांतिकेचे मूळ मानतात, आणि मालिकेची कालगणना पाहता ते चूक नाही. सात वर्षे आणि ८८ भाग त्या एका गोळीचाच हिशेब चालतो. परंतु मूळ तडजोड मला त्याच्या काही घटका अगोदर, त्या पिशवीपाशी दिसते. ती व्हिकने केलेली नाही; त्याच्या स्वभावात तडजोडीस जागाच नाही, जे हवे ते तो घेतो. ती केली असेवेदाने, ती केली क्लॉडेटच्या त्या शहाण्या वाक्याने, आणि ती केली आम्ही प्रेक्षकांनी. मुलीच्या प्राणांसाठी एका माणसास खोलीत एकटे सोडण्याची परवानगी आम्ही दिली, आणि त्या माणसाने ती परवानगी रात्रीच्या कामासाठीही गृहीत धरली. खून पाहून आम्हांस जो धक्का बसतो त्यात थोडी फसगत झाल्याची भावनाही असते, कारण तो धनादेश आमच्याच सहीने वटलेला असतो.

येथे एखाद्या मराठी वाचकास पुण्याच्या कोतवालीची आठवण झाल्यास नवल नाही. १७७७ पासून १७९१ पर्यंत घाशीराम सावळदासाच्या अंमलाखाली त्या शहराची चोख व्यवस्था होती. रात्री ठरलेल्या वेळी तोफ झाली की रस्ते मोकळे होत, आणि कोतवालीच्या दंडांतून सरकारी खजिन्यात भरणाही होई. नाना फडणिसांसारख्या चाणाक्ष कारभाऱ्यास कोतवालाच्या जुलुमाची वार्ता नव्हती असे मानणे कठीण आहे. पण शहर शांत होते. १७९१ च्या ऑगस्टात, चोरीच्या संशयावरून कोंडलेले दक्षिणी ब्राह्मण एका अरुंद कोठडीत गुदमरून मेले, तेव्हा लोकक्षोभ पाहून नानांनी त्याच कोतवालास जमावाच्या स्वाधीन केले आणि जमावाने त्यास दगडांनी ठेचून मारले. १९७२ साली विजय तेंडुलकरांनी ही कथा रंगभूमीवर आणली, तेव्हा त्यांचा रोख कोतवालापेक्षा त्यास नेमणाऱ्यावर अधिक होता, आणि त्यामुळेच ते नाटक काहींस इतके झोंबले. नेमणारा सुटतो आणि नेमलेला भरडला जातो, असा या जातीच्या कथांचा जुना शिरस्ता आहे. ‘द शील्ड’ने तो अंशतः पाळला आणि अंशतः मोडला.

कारण येथे भरडले जातात ते व्हिकचे सोबती. पथकात व्हिकखेरीज तिघे होते: शेन व्हेन्ड्रेल, ज्याने तो खून डोळ्यांनी पाहिला; आणि लेम व रॉनी, ज्यांना सुरुवातीस काहीच ठाऊक नव्हते. टेरीच्या खुनाने शेन आणि व्हिक एकमेकांस बांधले गेले. त्या बंधनामुळे पुढचे प्रत्येक पाप सोपे झाले, आणि दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस आर्मेनियन टोळीची पैशांची खेप लुटण्यापर्यंत मजल गेली. तो पैसा कोणासही लाभला नाही. पाचव्या पर्वात चौकशी अधिकारी कॅव्हनॉ याने लेमला कोंडीत पकडले, आणि लेम बोलेल या भीतीने, तो बोलणार नव्हता तरीही, शेनने त्यास संपविले. तो प्रसंग पाहणे फार जड जाते. लपून बसलेल्या मित्रास शेन खाणे आणून देतो. भुकेलेला लेम मोटारीत बसून खाऊ लागतो. आणि शेन खिडकीतून आत हातगोळा टाकतो, व मग रडतो. त्याचे ते रडणे खोटे नसते, हेच त्यातील दारुण होय. शेवटच्या पर्वात, व्हिकशी उघड वैर होऊन जग पाठीस लागल्यावर, शेन आपल्या गरोदर बायकोस आणि लहान मुलास विष देतो आणि स्वतःस गोळी घालून घेतो.

व्हिक मात्र वाचतो, आणि तो वाचतो त्याच मार्गाने ज्या मार्गाने रफाएल पेरेझ वाचला होता. मेक्सिकन अमली पदार्थांच्या एका बड्या व्यापाऱ्यास पकडून देण्याच्या बदल्यात केंद्र सरकारचे खाते त्यास संपूर्ण माफीचा करार देते. अट एवढीच की, माफी हवी असलेला प्रत्येक गुन्हा त्याने आपल्या तोंडाने सांगितला पाहिजे. ऑलिव्हिया मरे ही अधिकारी ध्वनिमुद्रण यंत्र सुरू करते. व्हिक बराच वेळ काहीच बोलत नाही. चिक्लिसने ती शांतता ज्या रीतीने भरली आहे, ती पाहून वाटते की सात वर्षे या माणसाने स्वतःशीसुद्धा ही वाक्ये कधी उच्चारली नसावीत. मग तो टेरी क्राउलीपासून सुरुवात करतो, आणि सांगता सांगता त्याच्या स्वरात पश्चात्तापाऐवजी एक प्रकारची कारकुनी सहजता येऊ लागते. ऑलिव्हियाच्या चेहऱ्यावरचा रंग उडत जातो. आपल्या सहीने कोणास माफी दिली हे तिला कळते, आणि तोपर्यंत सही झालेली असते. ‘ड्रॅग्नेट’च्या अखेरीस जो निवेदक शिक्षा वाचून दाखवी, त्याच्या जागी आता गुन्हेगार स्वतः आपल्या गुन्ह्यांची यादी वाचतो आणि शिक्षा कोणीच सांगत नाही.

२५ नोव्हेंबर २००८ रोजी दाखविलेल्या अखेरच्या भागात खात्याने व्हिकवर जी शिक्षा लादली आहे ती पाहून काही प्रेक्षक निराश झाले, आणि मला त्यांची निराशा समजते: तीन वर्षे कार्यालयात बसून रोज टोळ्यांविषयीचे अहवाल टंकित करणे, अंगात सूट, भिंतीवर नियमांचे फलक, आणि हातात बंदूक नाही. बायको मुलांस घेऊन साक्षीदारांच्या संरक्षण योजनेखाली अज्ञात ठिकाणी गेलेली. परंतु जॅक वेबने ज्या गद्याचे गुणगान केले त्याच टंकलेखनाच्या आणि अहवालांच्या गद्यात या माणसास कोंडून ठेवणे, ही त्या सबंध पोलीसकथेच्या परंपरेने स्वतःवर केलेली एक तिरकस टीका आहे, असे मी समजतो.

राहिला रॉनी गार्डोकी. टेरीच्या खुनात त्याचा हात नव्हता. पुष्कळ काळाने त्यास ते कळले, तेव्हा त्याने एवढेच मनाला लावून घेतले की व्हिकने आपल्यावर अगोदरच विश्वास का टाकला नाही. तो अखेरपर्यंत व्हिकबरोबर राहिला. ऑलिव्हियाशी झालेल्या सौद्यात आपलाही समावेश आहे अशा समजुतीने तो त्या दिवशी ठाण्यात उभा असतो, आणि डच वॅगनबाख हा तपासनीस त्याच्या हातांत बेड्या घालतो. व्हिकने यंत्रासमोर जे सांगितले त्याच कबुलीजबाबावर रॉनी आता जन्मभर तुरुंगात जाणार असतो. व्हिककडे वळून तो ओरडतो, शिव्या देतो, आणि जुन्या चर्चच्या त्या दालनातून त्यास ओढत नेतात. आणि ज्याने त्या पिशवीस परवानगी दिली होती तो डेव्हिड असेवेदा, नगरपालिकेत निवडून गेलेला, या सुमारास महापौरपदाच्या निवडणुकीच्या प्रचारात गुंतलेला असतो.